पोटात गोळा येतो तेव्हा

आम्ही दोघी शाळा-कॉलेजातल्या मुलांचं समुपदेशन करतो. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुलंही आमच्याकडे येतात, पण बहुतेक वेळा पोटाच्या नाहीतर डोक्याच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यावर. म्हणून आज चिंतेबद्दल बोलायचं ठरवलं.

आपल्या भाषेला ही चिंता चांगली ठाऊक आहे. पोटात गोळा येतो, छातीत धडकी भरते, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते. हे नुसते वाक्प्रचार नाहीत. भीती वाटली की ॲड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. समोर साप आला तर हे उपयोगाचंच. ‘नीट’चा पेपर म्हणजे साप नव्हे, पण शरीर तसंच वागतं. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांकडे या सगळ्यासाठी एकच शब्द उरलाय, ‘टेन्शन’. पुष्कळदा तोही निघत नाही. म्हणतात, “पोट दुखतंय.”

ते दुखणं खोटं नसतं. ‘नाटकं करतोय’ म्हणण्याआधी वेळ पाहा. रविवारी संध्याकाळी सुरू होतं, टेस्टच्या सकाळी वाढतं आणि सुट्टीत नाहीसं होतं का? झोप लागत नाही का? “सगळं ठीक होईल ना?” हाच प्रश्न दिवसातून दहादा येतो का? भंवरकुआंला क्लासला जाणारा मुलगा हल्ली आजीवर खेकसतो का? चिडचिड हेही चिंतेचं लक्षण असतं. घरात त्याला उद्धटपणा म्हणतात. आणि पहिल्या नंबराची मुलगी तेच पान तीनदा फाडून लिहिते, तेव्हा तर आपण कौतुकच करतो!

सर्वांत बोलकं लक्षण म्हणजे टाळणं. दरवर्षी मंडळाच्या बालनाट्यात असणारी मुलगी यंदा नको म्हणते. येतो एखाद्या वर्षी कंटाळा. पण ती मैत्रिणीच्या वाढदिवसालाही जात नसेल, वर्गात उत्तर येत असून हात वर करत नसेल, तर लक्ष द्या. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातच भीती मुरते. रागावून ढकलू नका, दया येऊन पूर्ण सुटकाही देऊ नका. पायरी लहान करा. यंदा नुसता पडदा ओढायला ये, पुढच्या वर्षी दोन वाक्यं.

धडधड, थरथर थायरॉइडमुळे, रक्त कमी असल्यामुळे किंवा एनर्जी ड्रिंकमुळेही होते, तेव्हा फॅमिली डॉक्टरांना दाखवाच. पण त्रास काही आठवडे टिकला, शाळा किंवा जेवण सुटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. “जगून काय उपयोग” असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी, आणि मुलाला एकटं ठेवू नका. ‘लोक काय म्हणतील, पुढे लग्नाचं कसं’ हे आम्ही नेहमी ऐकतो. आपला समाज लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, ही धास्ती आम्हाला कळते. अशांसाठी सरकारची टेलि-मानस सेवा 2022 पासून आहे. क्रमांक 14416, रात्री-अपरात्रीही, मोफत. आजच फोनमध्ये घालून ठेवा, मुलांच्याही.

आरतीनंतर आम्ही दोघी मागच्या खोलीत बसणार आहोत. मुलांना यायचं असेल तर येऊ द्या. आई-बाबांनी तोवर प्रसाद घ्यावा, दाराशी उभं राहू नये.