कॉलेजचे फाटक आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी प्राध्यापक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. नाना पेठेत राहणारा, कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेला मी एक साधा माणूस आहे. मला एकच छंद आहे. सुट्टीच्या दिवशी मोहल्ल्यातील चार मुले बरोबर घ्यायची आणि पुण्यातले एखादे कॉलेज किंवा विद्येचे स्थान दाखवून आणायचे. या भटकंतीविषयी बोलावे, असा संस्थेचा आग्रह पडला म्हणून मी उभा आहे.

पुणे हे विद्येचे माहेरघर आहे असे आपण लहानपणापासून ऐकतो. मी आपणास एक प्रश्न विचारतो. या माहेरघरात आपली मुले किती वेळा गेली आहेत? नाना पेठेतून फर्ग्युसन कॉलेज किंवा विद्यापीठ पाच ते दहा किलोमीटरच्या आत आहे. लग्नाच्या खरेदीसाठी आपण याहून अधिक पायपीट करतो. तरीही दहावीपर्यंत पोहोचलेल्या कित्येक मुलांनी कॉलेजचे फाटक फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेले असते. जी जागा कधी पाहिलीच नाही तिथे आपण शिकावे, हा विचार त्या मुलाच्या मनात येणार कसा?

आता मी आपल्याला माझ्याबरोबर थोडे फिरवून आणतो.

प्रथम येरवड्याला डेक्कन कॉलेजात चला. इ.स. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून हे कॉलेज वाढले आणि १८६८ साली येरवड्याच्या आजच्या दगडी इमारतीत आले. या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई या पारशी गृहस्थांनी मोठी देणगी दिली. लोकमान्य टिळक येथे शिकले. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले. १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि डॉ. सांकलिया, डॉ. इरावती कर्वे यांच्यासारखी माणसे तेथे काम करू लागली. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे या संस्थेने उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती हाती लागली. त्यांच्या झोपड्या, रंगवलेली मडकी, इतकेच नव्हे तर मडक्यांत पुरलेली लहान मुलेही सापडली. हे सांगितल्यावर माझ्याबरोबरची एरवी गप्प न बसणारी पोरे एकदम गप्प झाली. मग एकाने विचारले, “चाचा, मातीतून हे शोधायला पगार मिळतो का?” मी म्हटले, “मिळतो, पण त्याआधी शिकावे लागते.”

याच आवारात संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ सालापासून चालले आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या लाखो चिठ्ठ्या तयार केल्या. पहिला भाग १९७६ साली छापून निघाला. त्यानंतर तीसहून अधिक खंड निघाले आणि ते सारे ‘अ’ या एकाच अक्षराचे! सहामाही परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून मुलाला दुकानावर बसवायला निघालेल्या बापाने ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

तेथून भांडारकर संस्थेत जाऊ. ही १९१७ साली स्थापन झाली. महाभारताच्या शेकडो हस्तलिखित पोथ्या ताडून पाहून त्याची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम येथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे. सुरू करणारे बरेच विद्वान शेवट पाहू शकले नाहीत. आवारात एक इमारत आहे, तिचे नाव निजाम अतिथिगृह. हैदराबादच्या निजामांनी महाभारताच्या या कामाला पैशाची मदत केली होती. ही पाटी मी मुलांना मुद्दाम वाचायला लावतो. विद्येच्या कामाला हात लावताना त्या काळच्या माणसांनी हे काम कोणाचे म्हणून विचारले नाही.

फर्ग्युसन कॉलेज तर आपणा सर्वांना नावाने ठाऊक आहे. १८८५ साली ते सुरू झाले. केंब्रिजला १८९९ साली गणितात सर्वप्रथम आलेले रँग्लर परांजपे पुढे याच कॉलेजचे प्राचार्य होते. ते दापोली तालुक्यातल्या मुर्डी या लहानशा गावचे. आपल्यापैकी ज्यांची मुळे कोकणात आहेत त्यांनी मुलांना हे अवश्य सांगावे. कॉलेजच्या पाठीमागच्या टेकडीवर चढले की सारे शहर पायाशी दिसते. तेथे बसून डबा खावा आणि खाली दिसणाऱ्या इमारतींतली आपली शाळा कुठे असेल, ते मुलांना शोधू द्यावे.

शेवटी गणेशखिंडीला, विद्यापीठात. मुख्य इमारतीचे बांधकाम १८६४ साली सुरू झाले ते मुंबईच्या गव्हर्नरासाठी. पावसाळ्यात लाटसाहेब येथे राहावयास येत. २२ जून १८९७ च्या रात्री याच वाड्यातील समारंभ आटोपून निघालेल्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्या काळी सामान्य माणसाला या आवारात पाय ठेवण्याची सोय नव्हती. १९४९ साली येथे विद्यापीठ आले. बॅ. जयकर त्याचे पहिले कुलगुरू. आज त्याच आवारात खेड्यातून आलेला शेतकऱ्याचा मुलगा हातात फॉर्म घेऊन बिनधास्त फिरतो. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात आपल्या मागे शाळेचे काम पाहणाऱ्या फातिमाची आठवण काढली आहे. माझ्या बहिणींनो, मुलींच्या शिक्षणाची पुण्यातली सुरुवात जिथे झाली, तिथे आपलीही एक लेक उभी होती.

याच परिसरात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. ती १९८८ साली स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे सर्वांना प्रवेश असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा मोठा लंबक तेथे टांगलेला आहे. मुलांना तेथे मी आणखी एक सांगतो. आपण ज्याला रोहिणी म्हणतो त्या ताऱ्याला जगभरचे शास्त्रज्ञ अल्-दबरान म्हणतात. हा शब्द अरबी आहे, अर्थ ‘मागून येणारा’. मदरशात अलिफ-बे शिकलेल्या मुलाला आकाशात आपल्या ओळखीचा शब्द सापडला, की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या गल्लीत मोटारी दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मुलगी बी.एस्सी. झाली, मार्क उत्तम. पुढे विद्यापीठात जायचे म्हणाली तर वडील नाही म्हणाले. कारण विचारले तर सांगत नाहीत. मी त्यांना म्हटले, भाईसाहेब, परवानगी देऊ नका, पण एकदा जागा तर पाहून या. एका सोमवारी गॅरेज बंद ठेवून ते आले. त्यांनी इमारतीकडे पाहिलेच नाही. बस कुठे थांबते, फाटकापासून वर्ग किती लांब, मुली डबा कुठे खातात, लायब्ररी किती वाजता बंद होते, संध्याकाळी रस्त्यावर दिवे असतात का, हे त्यांनी पाहिले. बुरखा घेतलेल्या दोन मुली पुस्तके घेऊन चाललेल्या दिसल्या, त्यांना थांबवून गाव विचारले. एक बीडची होती, वसतिगृहात राहात होती. परत येताना बसमध्ये ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, “फॉर्म कधी निघतो?”

पालकहो, आपला नकार पुष्कळदा शिक्षणाला नसतो, न पाहिलेल्या जागेला असतो. आपले नाव विचारतील, कपड्यांकडे पाहतील, हसतील, ही धास्ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. एके ठिकाणी आम्हाला दारावरूनच उद्धटपणे परत पाठवले. पुढच्या आठवड्यात शाळेची चिठ्ठी घेऊन आम्ही पुन्हा गेलो आणि आत गेलो. बाकी सगळीकडे पहारेकऱ्याने नाव विचारले ते वहीत लिहिण्यासाठी.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, मूल आठवी-नववीत असतानाच त्याला एक तरी कॉलेज आतून दाखवा. दहावीच्या निकालानंतर घाईत पाहणे हे पाहणे नव्हे. सुरुवात आपल्या कॅम्पातील आझम कॅम्पस आणि पूना कॉलेजपासून करा, पण तिथेच थांबू नका.

दुसरी, मुलगा असो की मुलगी, आईलाही बरोबर न्या. घरातला शेवटचा होकार बहुधा तिचाच असतो.

तिसरी, जाण्यापूर्वी चौकशी करा. सुट्टीच्या दिवशी आवार फिरता येते, पण संग्रहालये व ग्रंथालये बंद असू शकतात. ओळखपत्र जवळ ठेवा. कचेरीत जाऊन फी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या तीन गोष्टी विचारा आणि उत्तरे मुलाच्याच हाताने वहीत लिहवून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. ही आवारे लोकांच्या देणग्यांवर आणि सरकारी पैशावर उभी राहिली. त्या पैशात तुमच्या आजोबांनी भरलेल्या करातला एखादा आणाही असेल. तेव्हा फाटकाशी मान खाली घालून उभे राहू नका. सलाम करा, नाव सांगा आणि आत जा.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी काही मुलांना घेऊन फर्ग्युसनच्या टेकडीवर जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाण्याची बाटली आणि आईला बरोबर आणावे.