काळजाची हाक



'काळजात धस्स झालं,' असे आपण नेहमी म्हणतो. पण हे काळीज, म्हणजे हृदय, आहे कसे? ते काम काय करते? आज आपण तेच पाहू.

जरा हाताची मूठ वळा. ज्याची जेवढी मूठ, साधारण तेवढेच त्याचे हृदय. ते छातीत, मधोमध पण थोडे डावीकडे असते. त्याला चार कप्पे असतात. दोन वर, दोन खाली. साऱ्या अंगात फिरून आलेले रक्त उजव्या कप्प्यांत येते. तिथून ते फुप्फुसांत जाते. फुप्फुसांत त्याला प्राणवायू मिळतो. मग ते डाव्या कप्प्यांत येते आणि पुन्हा साऱ्या अंगाला पोचते.

विहिरीवरच्या पंपाला तळाशी झडप असते. ती चढलेले पाणी मागे जाऊ देत नाही. हृदयातही अशा चार झडपा असतात. लहान मुलांचा घसा सुजतो, ताप येतो, पुढे सांधे सुजतात. असे झाले तर अंगावर काढू नका. या दुखण्याने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. वेळेवर औषध दिले तर त्या वाचतात.

हृदय दिवसाला सुमारे 1 लाख वेळा धडधडते. बैलांनाही आपण दुपारी सोडतो. हृदयाला मात्र जन्मभर सुट्टी नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. साऱ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते त्याला बारीक नळ्यांतून मिळते. पाटात गाळ साचतो ना, तशी या नळ्यांत चरबी साचते. एखादे वेळी तिथे रक्ताची गाठ होते आणि नळी बंद पडते. पाणी तुटले की रोप सुकते. तसा हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. सुकून गेलेल्या रोपाला मागून कितीही पाणी द्या, ते जगत नाही. म्हणून इथे घाई हवी.

एका गावी एका बाईने आम्हाला आपली हकीकत सांगितली. पहाटे धार काढताना तिच्या मालकांच्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले. दरदरून घाम फुटला. "काही नाही, पित्त झालंय," असे म्हणून ते सोडा प्याले आणि पडून राहिले. दुपारी दवाखान्यात नेले, तेव्हा फार उशीर झाला होता. ती बाई म्हणाली, "मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्यांना निजू दिलं नसतं."

म्हणून आम्ही तुम्हाला सांगतो. छाती दाबल्यासारखी वाटली, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, घाम फुटला, दम लागला, तर पित्त म्हणून बसू नका. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत कळ येत नाही. नुसता दम लागतो, अंग गळून जाते. अशा माणसाला चालवू नका. आरामात बसवा. लगेच 108 नंबरला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी फुकट येते.

आणि हृदय आजारी पडू नये म्हणून काय करावे? विडी, तंबाखू सोडा. मीठ आणि तेल बेताने खा. रोज अंग हलवा. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तिशी उलटली की तो वरचेवर मोजून घ्या. डॉक्टरांनी गोळी दिली, तर 'बरं वाटतंय' म्हणून मनानेच बंद करू नका.

हे सारे आज घरी जाऊन सांगा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. आणि 108 हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तुम्हाला आता लिहिता येते.