बॅग कुणी भरली?



आमच्या मांजर्लीत, म्हणजे बदलापूर पश्चिमेला, आता अधूनमधून एखाद्या घरातलं सोळा-सतरा वर्षांचं मूल वर्षभरासाठी परदेशी निघतं. कुणी रोटरीच्या युवा आदानप्रदानातून, कुणी दुसऱ्या एखाद्या शिष्यवृत्तीवर. तिकडच्या शाळेत शिकायचं, तिकडच्या कुटुंबात राहायचं. पासपोर्ट, व्हिसा, विमा हे सगळं तुम्हाला संस्थेनं समजावलेलं असतं, त्यात मी शिरत नाही. मिळालेल्या थोड्या मिनिटांत मला एकच गोष्ट सांगायची आहे. बॅग मुलानं स्वतः भरायची. आईनं नाही, बाबांनी नाही, पुण्याहून मुद्दाम आलेल्या मावशीनं तर नाहीच.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? तर ऐका. विमानतळावर काउंटरवर विचारतात, ‘सामान तुम्ही स्वतः भरलंय का?’ मुंबईत सहारला मी एका मुलीला या प्रश्नापाशी अडलेलं पाहिलं आहे. बॅग तीन किलो जास्त भरली. वडिलांनी ती तिथंच फरशीवर उघडली. वरती बेडशीट, त्याखाली मेतकूट, भाजणी, पिठीसाखर, लसणाची चटणी. सगळ्या पुड्या दुहेरी प्लास्टिकच्या, दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या आणि एकीवरही नाव नाही. कर्मचाऱ्यानं एक पांढरी पुडी उचलून विचारलं, ‘हे काय आहे?’ मुलगी आईकडे बघायला लागली. इथं आई होती म्हणून उत्तर मिळालं. फ्रँकफर्टला किंवा शिकागोला तीच पुडी बाहेर निघाली तर ती कुणाकडे बघणार?

बदलापूरकरांना डब्याचं महत्त्व मी सांगायला नको. सकाळची लोकल पकडणाऱ्याचा डबा घरच्यांनी भरायचा, ही आपली रीत. माया असते त्यात. पण दुपारी डबा उघडणारा माणूस एकटा असतो. झाकण काढल्यावर त्याला कळतं की आमटी पोळीत उतरली आहे, किंवा भूक दोन पोळ्यांची आणि आत पाच कोंबल्या आहेत. रोजच्या डब्याचं निभावून जातं, कारण संध्याकाळी घरी येऊन सांगता येतं, ‘आई, उद्या आमटी नको.’ वर्षभराच्या डब्याला ही संध्याकाळच नाही. म्हणून हा डबा ज्याला उघडायचा आहे त्यानंच भरायचा. कुठल्या कप्प्यात काय आहे, कशाचं झाकण सैल आहे, भूक किती आहे, हे त्याच्याच हाताला माहीत हवं.

आता खाऊकडे येते, कारण घोळ सगळा तिथंच होतो. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, बर्फी नाही, घरचं साजूक तूप नाही. जर्मनीला निघालेल्या मुलाच्या बॅगेत तुपाची बरणी घालणं म्हणजे ती कचऱ्याच्या पेटीत घालणं. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहून द्यावी लागते, लपवली तर दंड होतो. आणि तो अर्ज मूल भरणार आहे, तुम्ही नाही. खसखस तर दुबईमार्गे जाणाऱ्यानं अजिबात घेऊ नये. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, अमली पदार्थांत गणतात तिला. आता मला सांगा, अनारशांवर काय असतं? आजीनं प्रेमानं केलेल्या अनारशांचा डबा नातवाला कुठल्या कुठे नेऊन उभा करील, याची आजीला कल्पना तरी असते का? सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यात तेल असतं, पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून विमान कंपन्या त्या अडवतात. हे सगळं मुलानं स्वतः शोधावं, यादी स्वतः करावी. मग बघा, तोच आजीला सांगेल, ‘आजी, चकली दे, अनारसे मी आल्यावर खाईन.’

औषधांचंही तेच. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव. सुट्या गोळ्या डबीत भरून देऊ नका. सर्दीच्या आणि खोकल्याच्या काही साध्या औषधांवर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत. कुठली गोळी कशासाठी, हे मुलाला तोंडपाठ हवं. पाठ कधी होईल? त्यानं बॅग स्वतः भरली तर.

आता कपड्यांकडे येते. आपल्या शेजारच्या कल्याणची लेक आठवा. आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा अठरावं पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. पती गोपाळराव सोबत नव्हते. न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी त्या उतरल्या, म्हणजे आज आपण यजमान कुटुंब म्हणतो तेच. तिकडच्या थंडीत नऊवारीनं भागेना, पोटऱ्या उघड्या राहत. तेव्हा त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. तो काळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा निर्णय केवढा होता ते कळेल. तिथली थंडी त्यांच्या अंगाला लागत होती, कल्याणात बसलेल्या कुणाच्या नाही. १८८६ साली फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस पूर्ण होण्याआधीच, क्षयानं गेल्या. ही आठवण असल्यामुळे मी गरम कपड्यांना हलक्यानं घेत नाही. आत घालायचे थर्मल इथून घ्या, एक-दोन जोड. पण जाड कोट उल्हासनगरच्या बाजारातून आणून बॅग अर्धी अडवू नका. तो तिकडच्या थंडीच्या मापाचा नसतो. तिकडे पोचल्यावर यजमान कुटुंबाला विचारून घ्यावा. रोटरीच्या मुलांना निळा ब्लेझर असतो, तो अंगात घालूनच विमानात बसायचं.

वजनाचं सांगते. बहुतेक ठिकाणी एका नगाला २३ किलो, हातातल्या बॅगेला ७. तिकिटावर लिहिलेलं असतं, ते मुलाला वाचू द्या. पण माझी कसोटी वेगळी आहे. दुपारी गर्दी नसताना मुलाला भरलेली बॅग घेऊन बदलापूर स्टेशनच्या पुलावर चढायला लावा. मधे कुणी हात लावायचा नाही. वर पोचेपर्यंत तीनदा टेकवली, तर घरी जाऊन काय काढायचं ते त्याला कळतं, तुम्हाला सांगावं लागत नाही. आईनं भरलेल्या बॅगेतून मूल काही काढत नाही, श्रोतेहो. आईला वाईट वाटेल म्हणून काढत नाही. बॅग मुलानं भरायची असं मी पुन्हा पुन्हा म्हणते त्यात हेही आहे.

कागदपत्रांबद्दल आम्हा मांजर्लीकरांना कुणी शिकवायला नको. २६ जुलै २००५ चं पाणी आम्ही पाहिलंय, २०१९ च्या जुलैतलंही पाहिलंय. त्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती. भिजून एकमेकांना चिकटलेली प्रमाणपत्रं मी या हातांनी पंख्याखाली सुटी केली आहेत. पासपोर्ट, व्हिसाची पत्रं, विमा, पालकांचं संमतिपत्र, सगळं जलरोधक पिशवीत घालून हातातल्या बॅगेत ठेवायचं. मोठ्या बॅगेत कधीच नाही. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. आणि विमान पावसाळ्यातलं असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. उल्हास नदी चढली आणि लोकल थांबली की सहार फार लांब पडतं.

यजमानांसाठी काय भेट न्यावी, खर्चाचं कार्ड कसं करावं, हेही बोलायचं होतं. एक वारली चित्र, चार खण... पण वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, ते राहू दे.

आयांना एवढंच विनवते. तुम्ही दाराशी बसा, विचारलं तर सांगा, कापडी पिशव्या शिवून द्या, पुड्यांवर नावं लिहायला पेन द्या. घडी वाकडी घातली तर घालू दे. एखादी गोष्ट राहिली तर राहू दे, ती तिकडेही मिळते. ज्यांच्या घरी या वर्षी मूल निघणार आहे, त्यांनी आज रात्रीच रिकामी बॅग माळ्यावरून काढून त्याच्या खोलीत ठेवावी आणि तिला हात लावू नये.