पानं कुठे कधी रंगतात

मुलांच्या चित्रांच्या वहीत शरद ऋतू काढायचा असला की बहुतेक मुलं लाल-केशरी पानं झडणारं झाड काढतात. इंग्रजी पुस्तकातला ‘ऑटम’ म्हणजे आपला शरद, असं त्यांना शिकवलेलं असतं. पण आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तेव्हा भात लोंबीला आलेलं असतं, बांधावर गवत कमरेएवढं असतं आणि झाडं हिरवीगार असतात. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. म्हणून आज याच विषयावर बोलायचं आमच्या गटानं ठरवलं.

चित्रातलं झाड खोटं नाही, ते दुसऱ्या मुलखातलं आहे. आपल्याच देशात बघायचं तर काश्मीरमध्ये. तिथले चिनार ऑक्टोबरच्या शेवटी रंगायला लागतात आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेटल्यासारखे लाल दिसतात. श्रीनगरच्या नसीम बागेत मुघलांच्या काळापासूनची चिनारांची बाग आहे. तिकडे या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. त्याच दिवसांत पांपोरला केशराची फुलं खुडायची गडबड असते. चिनारची पानं खाली पडली की काश्मीरच्या बायका ती झाडून गोळा करतात, धुमसत ठेवतात, वर पाणी शिंपडतात आणि त्याचा कोळसा करतात. हाच कोळसा हिवाळाभर कांगडीत घालायचा. कांगडी म्हणजे विणलेल्या टोपलीत बसवलेली मातीची शेगडी, फेरनच्या आत धरायची. लोक लांबून पानांचे फोटो काढायला येतात, आणि तिथल्या बाईला त्या पानांत जानेवारीची ऊब दिसते. आमच्या गटात हे ऐकल्यावर सगळ्यात जास्त चर्चा कोळशाचीच झाली.

पान रंगतं कसं? पानात हिरवा रंग असतो, तो उन्हातून अन्न करतो. पिवळा रंगही आधीपासून असतो, पण हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की झाड हिरवा रंग मोडून त्यातलं कामाचं परत खोडात ओढून घेतं. मग खालचा पिवळा दिसतो. लाल रंग मात्र झाड त्या वेळी नव्यानं तयार करतं. त्याला स्वच्छ ऊन आणि गार रात्री लागतात. म्हणून जपानात हा रंग उत्तरेच्या होक्काइदो बेटावर आधी येतो आणि दक्षिणेकडे सरकत क्योतोला नोव्हेंबरच्या शेवटी पोहोचतो. पावसाचा अंदाज सांगावा तसा तिकडे पानं कधी रंगणार याचा अंदाज सांगतात!

आपल्याकडे गारठा एवढा नसतो, तरी पानं का गळतात? पाण्यासाठी. पानातून पाणी सतत उडत असतं. काश्मीरमध्ये जमीन गोठते आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. आपल्याकडे जमीन सुकते. मग झाड पानंच टाकून देतं. म्हणून विदर्भातल्या कोरड्या रानात साग, सालई, मोई उघडे पडतात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभूळ, अंजनीची दाट राई बारमाही हिरवी राहते.

आपला खरा लाल रंग येतो तो कोवळ्या पानांत. कोशिंब, म्हणजे कुसुम, मार्चमध्ये असा लाल होतो की लांबून फुलं वाटावीत. पिंपळाची पालवी तांबूस, आंब्याची तांबडी-जांभळी. तो लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून सांभाळतो. जुनं पान लाल होऊन गळणारं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे अंगणातला देशी बदाम.

आता आपल्या पोटाशी निगडित गोष्ट. मोहाची पानं गळतात तेव्हाच फुलं पडायला लागतात. खाली पाचोळा जाड, त्यात फूल सापडत नाही, म्हणून पाचोळ्याला काडी लावायची ही जुनी रीत. पण मार्चचा वारा आग झाडाखाली थांबू देत नाही. कोवळी रोपं जातात, गुरांचं गवत जातं, आणि मोहाचं बी रुजलेलंच उरलं नाही तर नातवंडांना मोह मिळायचा कुठून? तेंदूला फूट चांगली येते म्हणूनही कोणी आग लावतं. ती फूट झुडपं छाटूनही येते. आमच्या मते आगीचा हा सौदा तोट्याचा आहे.

आम्ही दोन हंगाम जुन्या साड्या जोडून मोहाखाली अंथरतो. संध्याकाळी अंथरायच्या, पहाटे फुलं गोळा करून उचलायच्या. दिवसभर ठेवल्या तर शेळ्या तुडवतात. फुलाला राख-माती लागत नाही, वाळवायलाही सोपं. सोय सगळीकडे होत नाही हे खरं. उतारावर फुलं घरंगळतात, आणि झाडं खूप असली तर साड्या पुरत नाहीत. तिथं आम्ही खराट्यानं झाडाखालचं झाडून घेतो. वेळ जास्त जातो. आणि हो, पहाटे एकटीनं जाऊ नका, मोह अस्वलालाही आवडतो.

झाडलेला पाचोळा परसात आणतो. जाळला तर हाती थोडी राख येते, नत्र धुरात जातं. आम्ही पाचोळा चुरून खड्ड्यात थर देतो, प्रत्येक थरावर शेणकाला आणि थोडी माती, ओल टिकेल एवढं पाणी. महिन्यानं एकदा खालीवर करायचं. सागाचं पान चिवट, त्याला जास्त वेळ लागतो. ते वेगळं ठेवून वांगी-मिरचीच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाकलं तर उन्हाळ्यात पाणी कमी लागतं. पळसाची चांगली पानं मात्र आधी पत्रावळींसाठी काढून घ्या.

खड्डा आम्ही मृगाच्या आधी उघडणार आहोत, तेव्हा कसं कुजलं ते सांगू. तोवर तुमच्या शिवारातला कोशिंब कोणत्या आठवड्यात लाल झाला, ते आम्हाला कळवा.