शिरोळला ऊन, तरी पूर कसा?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात पाऊस उघडलेला असतो, ऊनही पडतं, आणि तरी पुराचं पाणी चढत जाऊन घराच्या पायरीला लागतं. असं का होतं?

उत्तर डोक्यावरच्या आभाळात नाही, पाणलोटात आहे. ज्या जमिनीवर पडलेला थेंब वाहत वाहत नदीला मिळतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचं पाणलोट क्षेत्र. पंचगंगेचं पाणलोट पश्चिमेला सह्याद्रीत सुरू होतं. गगनबावड्याला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला शिरोळला साधारण पाचशेच्या आसपास.

आता हाताचा पंजा डोळ्यांसमोर आणा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ही बोटं. प्रयाग चिखलीपर्यंत ती एकत्र येतात आणि पुढे लगेच कोल्हापूर. लांबट पाणलोटात उपनद्यांचं पाणी एकामागून एक येतं. पंजासारख्या पाणलोटात ते जवळपास एकदम येतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. जूनमध्ये कोरडी जमीन पाणी पिते. जुलै-ऑगस्टमध्ये तिचं पोट भरलेलं असतं. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी होतं. ते मुरलं नाही, की उतारावरून थेट ओढ्यात. धरणंही तोवर भरलेली असतात.

तिसरी गोष्ट उताराची. डोंगरातून धावत आलेलं पाणी कोल्हापूरच्या पुढे सपाटीवर मंदावतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असेल, तर पंचगंगेला वाट मिळत नाही. पाणी मागे तुंबतं आणि शिवारात पसरतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तिथले लोक विसरलेले नाहीत.

म्हणून शिरोळकरांनी अंगणातला पाऊस पाहून निर्धास्त राहू नये. गगनबावडा-राधानगरीचा पाऊस, कृष्णेची पातळी आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी बघावी. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. वरचं पाणी खाली यायला लागणारा वेळ, तेवढाच आपल्या हातात असतो. जनावरं, धान्य, म्हातारी माणसं हलवायची ती त्याच वेळात.

तुम्ही कुठल्याही राज्यात असा, आज नकाशा उघडा. आपल्या नदीचं पाणी कुठून येतं, ते बोटानं शोधून बघा.