कंठ, तबकडी आणि मोबाइल



ज्या रिद्धपुरात आज आपण जमलो आहोत, त्याचे नाव निघताच श्रीगोविंदप्रभू व म्हाइंभट ह्यांचे स्मरण व्हावे हे स्वाभाविकच होय. परंतु विषय संगीताचा असल्यामुळे मला प्रथम महदंबा आठवते. तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभूंचा विवाहसोहळा मांडिला गेला, तेव्हा तिने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे जागच्या जागी रचून गायिले. शब्द लिहून ठेविले गेले, म्हणून ते आपल्या हाती आले. तिचा कंठ मात्र त्या मांडवात बसलेल्यांनीच ऐकला. संगीत ऐकणे म्हणजे गाणाऱ्यापाशी जाऊन बसणे, हा नियम पुढे सहाशे वर्षे अबाधित राहिला.

तो मोडला तबकडीने. १९०२ साली गौहरजानने कलकत्त्यास तबकड्यांसाठी गायन केले. एका तबकडीत सुमारे तीन मिनिटेच गाणे मावे. तासभर फुलणारा राग तेवढ्यात आटोपणे भाग होते. म्हणजे यंत्र केवळ गाणे साठवीत नाही, त्याचा आकारही बदलते. १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तथापि रेडिओ बहुधा घरात एकच असे, कित्येक आळ्यांत तर तेवढाही नसे. गाणे लागले की शेजारी ओट्यावर येऊन बसत. ऐकणे अजून सामुदायिकच होते.

खरा पालट घडविला तो डिजिटल विद्येने. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ध्वनीचे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा होऊन त्याचे आकडे मांडिले जातात. पुढे, कानास जे सहसा जाणवत नाही ते गाळून हे आकडे आटोपशीर करण्याची युक्ती निघाली. तिलाच आपण एमपीथ्री म्हणतो. आता हजारो गाणी खिशात मावतात. पण एका घरात चौघे चार गाणी ऐकतात, आणि कानांत गुंड्या घातलेल्या मुलास आईची हाकही पोचत नाही!

ह्यास्तव यंत्रास दोष द्यावा काय? मी देणार नाही. विजेची गिरणी आली आणि जात्यासह ओवीही मुकी झाली. माझ्या आईस किती ओव्या येत होत्या, हे आज कोणीही सांगू शकत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनी मात्र खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; कित्येकींचा आवाजही मुद्रित केला गेला. २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाद्वारे त्या इंटरनेटवर प्रसिद्ध होऊ लागल्या. जे भाग्य महदंबेच्या कंठास लाभले नाही, ते मुळशीच्या खेड्यांतील दळणाऱ्या बायांस लाभले, आणि ते ह्याच विद्येमुळे.

मला चिंता आहे ती निराळी. रोमहून ३ सप्टेंबर १९५८ रोजी निघालेल्या संगीतविषयक आदेशात फोनोग्राफ, रेडिओ, ध्वनिफीत इत्यादींना उपासनाविधीत मनाई होती. कारण भक्तजनांचे गाणे त्यांच्या ऐवजी यंत्राने गावे, हे मान्य नव्हते. आज तयार ‘ट्रॅक’ लाविला की पेटीवाला शोधावा लागत नाही. ट्रॅक चुकत नाही, थकत नाही, हे खरे. पण म्हातारीचा श्वास कमी पडला म्हणून तो थांबतही नाही. ती ओठ मिटून घेते. एकदा मिटलेले ओठ पुन्हा सहसा उघडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ज्यांस ओव्या पाठ आहेत अशा काही आजीबाई ह्या सभेतही बसल्या आहेत. सभा आटोपल्यावर तरुणांनी मोबाइल घेऊन त्यांच्यापाशी जावे. प्रथम त्यांचा आवाज साठवून घ्यावा. मग मोबाइल खाली ठेवून पुढची ओवी त्यांच्याबरोबर म्हणावी. चहा तयार आहे, घाई नाही.