न मेलेला विद्यार्थी



१८ नोव्हेंबर १९८९, शनिवार. म्युनिकहून चालणाऱ्या रेडिओ फ्री युरोपने चेकोस्लोव्हाकियात एक बातमी पोहोचवली. आदल्या संध्याकाळी प्रागमध्ये पोलिसांच्या मारहाणीत गणित-भौतिकी शाखेचा एक विद्यार्थी ठार झाला, अशी ती बातमी. त्यानंतर अकरा दिवसांनी तिथल्या संसदेने राज्यघटनेतून कम्युनिस्ट पक्षाच्या अग्रस्थानाचं कलमच काढून टाकलं. आणि तो विद्यार्थी? तो मेलेलाच नव्हता. ध्वनिक्षेपकापुढे बसून हे सांगताना मी जरा अवघडलोय, हे कबूल करतो.

पण प्रागच्या तरुणांचे त्याआधीचे मृत्यू खरे होते. १९३९ साली, नाझी अमलात, २८ ऑक्टोबरच्या निदर्शनांत यान ओप्लेताल नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला गोळी लागली. दोन आठवड्यांनी तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेचा मोर्चा झाला, तेव्हा जर्मनांनी १७ नोव्हेंबरला विद्यार्थी संघटनांशी संबंधित नऊ जणांना ठार केलं, बाराशेहून अधिक विद्यार्थी साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत धाडले आणि चेक विद्यापीठांना कुलपं ठोकली. ती युद्ध संपेपर्यंत निघाली नाहीत.

दुसरा यान पालाख. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि हळूहळू लोक गप्प बसायला शिकू लागले. १६ जानेवारी १९६९ रोजी या वीस वर्षांच्या मुलाने वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. त्याने मागे ठेवलेल्या पत्रातल्या मागण्या बघा. सैन्य परत जावं, असं त्यात नव्हतं. वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप उठवा आणि आक्रमकांच्या बाजूने निघणाऱ्या पत्राचं वाटप थांबवा, एवढंच. मुलगा मरताना खरी बातमी मागत होता. ती मिळाली नाहीच, उलट १९७३मध्ये त्याची कबरही उकरून तिथून हलवली गेली.

१७ नोव्हेंबर १९८९ला ओप्लेतालच्या अंत्ययात्रेनंतरच्या त्या कारवाईला पन्नास वर्षं होत होती. नाझीविरोधी हुतात्मा हे सरकारचंही भांडवल, तेव्हा मोर्चाला रीतसर परवानगी मिळाली. सरकारी युवक संघटनाही आयोजनात होती. आल्बेर्टोव्हहून विशेहराडच्या टेकडीपर्यंत जायचं, फुलं वाहायची आणि घरी परतायचं. पोरं मात्र घरी न जाता गावाच्या मध्याकडे वळली. नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी वाट अडवली. पोरं रस्त्यावरच बसली, मेणबत्त्या लावल्या, पुढच्या पोलिसांना फुलं दिली आणि हात वर करून दाखवले, आमचे हात रिकामे आहेत म्हणून. मग बाहेर पडायला एक चिंचोळी वाट ठेवून लाठ्या चालल्या. शेकडो जखमी झाले. रस्त्यावर निपचित पडलेला एक ‘विद्यार्थी’ पुढे गुप्त पोलिसांचाच अधिकारी निघाला.

मृत्यूची अफवा पसरली ती या रात्रीतून. सरकारने ती खोडली, अफवेत ज्याचं नाव होतं तो मुलगा दूरचित्रवाणीवर जिवंत दाखवला. या वेळी सरकार खरं बोलत होतं. पण वीस वर्षं बातमीचं तोंड बांधून ठेवलेल्यांवर विश्वास कोण ठेवणार? खोटी बातमी वाईटच, त्यात मला शंका नाही. पण तिला पेरायला जमीन कुणी नांगरून ठेवली होती, तेही बघायला हवं.

शिवाय नुसत्या अफवेने काही होत नसतं. नटमंडळींनी प्रयोग बंद केले आणि रंगमंचावरून विद्यार्थ्यांची निवेदनं वाचली. पोरं मोटारी घेऊन, मारहाणीच्या चित्रफिती घेऊन कारखान्यांच्या फाटकांवर गेली. पोरासोरांचा दंगा असंच तिथे पुष्कळांनी ऐकलेलं होतं.

२३ नोव्हेंबरला प्रागचा पक्षप्रमुख मिरोस्लाव्ह श्तेपान रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या चेकाडे कारखान्यात बोलायला गेला. राष्ट्राध्यक्षांनी कधी जायचं हे पंधरा वर्षांच्या पोरांनी ठरवायचं, असं जगात कुठेच होत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. समोरून कामगार ओरडले, आम्ही पोरं नाही! आपली हक्काची माणसं म्हणून ज्यांच्याकडे गेला, त्यांनीच त्याला गप्प केलं. कामगार त्याच दिवशी वेन्सेस्लास चौकात जाऊन विद्यार्थ्यांना मिळाले, दुसऱ्या दिवशी पक्षाचे सरचिटणीस मिलोश याकेश यांचं नेतृत्व पायउतार झालं आणि २७ तारखेला दोन तास देश थांबला.

नारोद्नी रस्त्यावरच्या एका कमानीखाली आज भिंतीवर एक छोटं स्मारक आहे. धातूचे वर उचललेले हात आणि खाली तारीख. दर नोव्हेंबरला लोक तिथे मेणबत्त्या लावतात. नाव कुणाचंच नाही.